दोन विमानतळांमधील अंतर कसे मोजावे?

(इयत्ता सहावी व सातवी : भूगोल आणि गणित यांचा समवाय पाठ)



शाळाभेटीच्या वेळी वरच्या इयत्तांस एक साधा प्रश्न विचारण्याचा माझा परिपाठ आहे : "रत्नागिरीहून मुंबई किती दूर आहे?" उत्तरे निरनिराळी येतात. कोणी एस. टी.च्या प्रवासावरून सव्वातीनशे किलोमीटर सांगतो, कोणी साडेतीनशे म्हणतो. मोबाईलवर हवाई अंतर पाहिलेला एखादा चुणचुणीत मुलगा दोनशे पस्तीस सांगतो, आणि वर्ग त्याला हसतो. यांपैकी एकच उत्तर खरे व बाकीची खोटी, अशी मुलांची समजूत असते. वस्तुतः ही सर्व उत्तरे खरी असू शकतात. अंतर कोणत्या वाटेचे, कोणत्या दोन बिंदूंमधले आणि कोणत्या मापाने मोजलेले, हे सांगितल्यावाचून अंतराच्या आकड्यास अर्थ प्राप्त होत नाही. एवढी एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की रुजविणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

त्यासाठी विमानतळांचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, हवाई अंतर मोजताना वाट, वळण, घाट, पूल यांपैकी कशाचाही विचार करावा लागत नाही. दोन बिंदू आणि पृथ्वीचा आकार एवढेच उरते. त्यामुळे अक्षांश-रेखांशांचा धडा, जो एरवी पाठांतराने संपतो, तो येथे उपयोगात आणता येतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावरील मुलांना या ज्ञानाची गरज विमानप्रवासापेक्षाही एका निकडीच्या कामी आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

१. पाठाची पूर्वतयारी

पूर्वज्ञान : अक्षवृत्ते व रेखावृत्ते यांची ओळख, एक अंश म्हणजे साठ मिनिटे, त्रैराशिक, काटकोन त्रिकोण काढणे. सातवीस पायथागोरसचा सिद्धांत झाला असल्यास उत्तम. झाला नसल्यास आकृती काढून मोजपट्टीने काम भागते.

साहित्य : पृथ्वीगोल, महाराष्ट्राचा व जगाचा भिंतीवरील नकाशा, सुतळी, कंपासपेटी. पृथ्वीगोल नसलेल्या शाळेत एखादे गोल कलिंगड अथवा जुना फुटबॉल घेऊन त्यावर खडूने विषुववृत्त, अक्षवृत्ते व काही रेखावृत्ते आखावीत. मुलांनी स्वतः आखलेला गोल विकतच्या गोलापेक्षा अधिक शिकवितो, असा अनुभव आहे.

फळ्यावर पुढील माहिती पाठापूर्वीच लिहून ठेवावी. आकडे मिनिटांपर्यंत दिले आहेत.

मुंबई विमानतळ : १९°०५′ उत्तर, ७२°५२′ पूर्व
रत्नागिरी विमानतळ : १७°०१′ उत्तर, ७३°२०′ पूर्व
चिपी (सिंधुदुर्ग) विमानतळ : १६°००′ उत्तर, ७३°३२′ पूर्व
नागपूर विमानतळ : २१°०६′ उत्तर, ७९°०३′ पूर्व

विमानतळाचे क्षेत्र बरेच विस्तीर्ण असते. म्हणून प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरविलेला असतो. तो सामान्यतः धावपट्ट्यांच्या मध्याजवळ धरतात. दोन विमानतळांमधील अंतर म्हणजे या दोन संदर्भबिंदूंमधील अंतर होय. शहराच्या बाजारपेठेपासून अथवा बसस्थानकापासून ते मोजलेले नसते, हे आरंभीच स्पष्ट करावे. रत्नागिरी शहरालगतचा विमानतळ तटरक्षक दलाच्या वापरात आहे. चिपी येथील विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात असून तो ९ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रवासी वाहतुकीस खुला झाला. १ मे १९८१ पूर्वी तो प्रदेश आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे, हेही मुलांस सांगावे.

२. प्रस्तावना : खाडीचे उदाहरण

पाठाचा आरंभ विमानापासून न करता खाडीपासून करावा. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की वाशिष्ठीच्या पलीकडे धोपावे समोर दिसते. फेरीबोटीने तेथे थोड्याच वेळात पोहोचता येते. परंतु फेरी बंद असेल आणि गाडी घेऊन जावयाचे असेल, तर खाडीला वळसा घालून चिपळूणवरून जावे लागते. जयगड व तवसाळ यांची गोष्ट अशीच आहे. मुलांस विचारावे : "धोपावे जवळ की दूर?" मुले आपसांत वाद घालतील, त्यांना घालू द्यावा. मग शिक्षकांनी एवढेच म्हणावे, की गाव होता तेथेच आहे, बदलली ती वाट. येथून सरळ अंतर आणि वाटेचे अंतर हा भेद वर्गाच्या लक्षात येतो. पक्षी व विमान सरळ अंतराच्या जवळपास राहतात. रस्ता व रेल्वे वाटेच्या अंतराने जातात.

३. अंशाचे किलोमीटर कसे होतात?

आता मुख्य प्रश्न : सरळ अंतर मोजावयास समुद्रावर व डोंगरावर साखळी कोण टाकणार? येथे पृथ्वीचा गोल आकारच आपल्या मदतीस येतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर हे माप ठरविले गेले, ते ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश भाग म्हणून. म्हणजे ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर १०,००० किलोमीटर, आणि पृथ्वीचा पूर्ण परिघ ४०,००० किलोमीटर होतो. त्या वेळच्या मोजणीत किंचित फरक राहिला होता. परंतु शालेय गणितास हा आकडा पुरेसा आहे. आता त्रैराशिक मांडावे :

३६० अंशांस ४०,००० किलोमीटर, तर १ अंशास किती?

उत्तर : सुमारे १११ किलोमीटर.

यापुढे एक पायरी. एका अंशाची साठ मिनिटे. म्हणून एका मिनिटास सुमारे १.८५ किलोमीटर. हाच सागरी मैल होय. त्याचे ठरविलेले माप १,८५२ मीटर आहे. जहाजे व विमाने आजही याच मापाने अंतर मोजतात. सागरी मैल हे माप मनमानी नाही. पृथ्वीच्या परिघाचेच ते एक लहान अपत्य आहे, हे मुलांस कळले म्हणजे ते सहसा विसरत नाहीत.

हे त्रैराशिक आपणांस परके नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचिलेल्या 'सिद्धांतशिरोमणि' या ग्रंथाच्या गोलाध्यायात याच्या उलट बाजूचे गणित सांगितले आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरांमधले अंतर मोजावे, त्यांच्या अक्षांशांतील फरक काढावा. इतक्या अंशांस इतकी योजने, तर चक्राच्या ३६० अंशांस किती, अशा अनुपाताने पृथ्वीचा परिघ मिळतो. आपण आज परिघावरून नगरांमधले अंतर काढीत आहोत. त्यांनी नगरांमधल्या अंतरावरून परिघ काढण्याची रीत दाखविली. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिल्याची नोंद आहे.

प्रत्यक्ष जमिनीवर अंशाची लांबी मोजण्याचे मोठे कार्य आपल्या देशात विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभिले. साखळीने एक आधाररेषा मोजावयाची आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत पुढे सरकावयाचे, ही त्याची पद्धत होती. हे काम करीत उत्तरेकडे सरकत असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. आपल्या नकाशांवरील अंतरे अशा वर्षानुवर्षांच्या पायपिटीवर उभी आहेत, हे नकाशा हाताळणाऱ्या मुलांना समजले पाहिजे.

४. पूर्व-पश्चिम अंतराविषयी दक्षता

उत्तर-दक्षिण जाताना प्रत्येक अंशास १११ किलोमीटर धरावेत. परंतु पूर्व-पश्चिम जाताना तसे करता येत नाही. रेखावृत्ते विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवांकडे जाता जाता एकत्र येतात. कलिंगडाच्या फोडी दाखविल्या की ही गोष्ट शब्दांवाचून कळते : फोड मध्ये रुंद, टोकांशी निमुळती.

मग आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश किती किलोमीटरचा? याचे उत्तर मुलांनी आकृतीने काढावे. वहीवर १ सेंटिमीटरास १० किलोमीटर असे प्रमाण घ्यावे. एक आडवी रेषा आखून तिच्या डाव्या टोकाशी कोनमापकाने १८ अंशांचा कोन करावा. (रत्नागिरी व मुंबई यांच्या मधला अक्षांश १८ आहे.) कोनाच्या वरच्या भुजेवर ११.१ सेंटिमीटर मोजून खूण करावी. त्या खुणेपासून आडव्या रेषेवर गुण्याने लंब टाकावा. लंब जेथे टेकतो तेथपर्यंतची आडवी रेषा मोजावी. ती सुमारे १०.६ सेंटिमीटर भरते. म्हणजे आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा आहे. कोन ० अंशाचा घेतल्यास १११, ६० अंशांचा घेतल्यास त्याच्या निम्मे म्हणजे साडेपंचावन्न, आणि ९० अंशांचा घेतल्यास शून्य येते. मुलांनी हे तिन्ही करून पाहावे. वरच्या वर्गांत ज्याला 'कोज्या' म्हणून शिकावयाचे आहे, त्याची ओळख येथे नाव न घेताच होऊन जाते.

५. मुख्य उदाहरण : रत्नागिरी ते मुंबई

फळ्यावर पुढीलप्रमाणे मांडणी करावी.

(अ) अक्षांशांतील फरक : १९°०५′ वजा १७°०१′ = २°०४′. दोन अंश चार मिनिटे म्हणजे २.०७ अंश. त्याचे २.०७ × १११ = सुमारे २३० किलोमीटर (उत्तर-दक्षिण).

(आ) रेखांशांतील फरक : ७३°२०′ वजा ७२°५२′ = २८′. येथे मुले हटकून चुकतात. वीसमधून बावन्न जात नाहीत म्हणून एक अंश मोडून साठ मिनिटे घ्यावयाची असतात, शंभर नव्हेत. २८ मिनिटे म्हणजे ०.४७ अंश. त्याचे ०.४७ × १०६ = सुमारे ५० किलोमीटर (पूर्व-पश्चिम).

(इ) आता काटकोन त्रिकोण काढावा. १ सेंटिमीटरास २० किलोमीटर या प्रमाणाने उभी बाजू ११.५ सेंटिमीटर व आडवी बाजू २.५ सेंटिमीटर येते. कर्ण मोजावा. तो सुमारे ११.८ सेंटिमीटर भरेल. त्यास विसाने गुणावे.

उत्तर : सुमारे २३५ किलोमीटर.

सातवीच्या मुलांनी हेच वर्गमुळाने पडताळून पाहावे. इतकी मोठी अंतरे असूनही सपाट कागदावरील त्रिकोण येथे चालतो. कारण पृथ्वीच्या मानाने हा तुकडा लहान आहे व त्याची वक्रता या हिशेबात जाणवत नाही.

आता मोबाईलवर पाहून आलेल्या मुलास पुढे बोलवावे आणि त्याचा आकडा वर्गाच्या आकड्याशी ताडून पाहावा. यंत्राने दिलेला आकडा आपल्या मोजपट्टीने व कंपासपेटीने पडताळता येतो, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर उमटणारा आत्मविश्वास हेच या पाठाचे मोठे फळ होय. यंत्रास विचारू नये असे मी म्हणत नाही. परंतु ज्याला उत्तराचा अंदाज करता येत नाही, त्याला चुकीचे उत्तर मिळाले तरी ते ओळखता येत नाही.

६. पडताळ्याचे उदाहरण : मुंबई ते नागपूर

रत्नागिरी व मुंबई जवळजवळ दक्षिणोत्तर आहेत. त्यामुळे रेखांशाच्या अंशास १०६ ऐवजी चुकून १११ किलोमीटर धरले, तरी उत्तरात एखाद्या किलोमीटरचाच फरक पडतो व चूक झाकली जाते. म्हणून दुसरे उदाहरण पूर्व-पश्चिम पसरलेले घ्यावे.

मुंबई व नागपूर यांच्या अक्षांशांतील फरक २°०१′, म्हणजे सुमारे २२४ किलोमीटर. रेखांशांतील फरक ६°११′, म्हणजे ६.१८ अंश. मधला अक्षांश २०. तेथे रेखांशाचा अंश सुमारे १०४ किलोमीटरचा. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ६४३ किलोमीटर. कर्ण सुमारे ६८१ किलोमीटर येतो. तेथेच १११ धरले असते तर ७२२ आले असते. म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरांची चूक झाली असती. दोन्ही त्रिकोण वहीत शेजारी शेजारी काढून घ्यावेत.

७. फार दूरचे विमानतळ : सुतळी आणि पृथ्वीगोल

अंतर काही हजार किलोमीटरांचे झाले की सपाट त्रिकोण निरुपयोगी ठरतो. तेथे पृथ्वीगोल व सुतळी घ्यावी. गोलावरील दोन बिंदूंमध्ये सुतळी ताणून धरली की ती आपोआप सर्वांत जवळची वाट दाखविते. ही वाट बृहद्वृत्ताचा तुकडा असते. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो ते बृहद्वृत्त. विषुववृत्त व समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळून होणारे वर्तुळ ही त्याची ओळखीची उदाहरणे.

प्रथम सुतळीने गोलाचे विषुववृत्त मोजावे. शाळेचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर सुतळी सुमारे ९४ सेंटिमीटर लागेल. ९४ सेंटिमीटरांस ४०,००० किलोमीटर, म्हणून १ सेंटिमीटरास सुमारे ४२५ किलोमीटर. आता मुंबई व न्यूयॉर्क यांमध्ये सुतळी ताणावी. ती सुमारे साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल; म्हणजे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर.

ही सुतळी कोणकोणत्या प्रदेशांवरून जाते, ते मुलांस वाचावयास सांगावे. ती रशिया, स्वीडन, आइसलँड व ग्रीनलँडचे दक्षिण टोक यांवरून जाते! न्यूयॉर्क पश्चिमेस असता सुतळी उत्तरेस का गेली, असा प्रश्न वर्गातून येईल; न आल्यास शिक्षकांनी विचारावा. भिंतीवर मर्केटरच्या पद्धतीचा जगाचा नकाशा असेल, तर त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ ओढून दाखवावी. ती आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते व जवळची भासते. परंतु त्या रेघेप्रमाणे प्रत्यक्ष प्रवास केल्यास सुमारे चौदा हजार दोनशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सतराशे किलोमीटर अधिक जावे लागेल. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर पसरविताना कोठे तरी ताणावा लागतोच, आणि मर्केटरच्या नकाशात तो ध्रुवांकडे सर्वांत अधिक ताणला जातो. नकाशा खोटा नाही. परंतु तो कशासाठी काढलेला आहे हे जाणल्यावाचून त्यावर पट्टी ठेवू नये.

याच गोलावर रत्नागिरी ते मुंबई मोजावयास सांगितले, तर सुतळी अर्ध्या सेंटिमीटरापेक्षा किंचित अधिक भरेल व त्यावरून काहीच नेमके सांगता येणार नाही. लहान अंतरास त्रिकोण, मोठ्या अंतरास गोल. कामाप्रमाणे साधन निवडावे.

८. विमान खरोखर तितकेच उडते काय?

नाही. विमान वाऱ्याच्या समोरून उड्डाण करते, मग वळून वाटेस लागते. आखून दिलेल्या हवाई मार्गांनी जाते. वादळी ढग टाळते. उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या रोखाने फिरून येते. एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले तर मोठा वळसा पडतो. म्हणून बृहद्वृत्ताचे अंतर ही सर्वांत कमी मर्यादा समजावी.

याचे एक ऐतिहासिक उदाहरण द्यावे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक लहानसे, एकाच इंजिनाचे विमान चालवीत कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. वाटेत इंधनासाठी त्यांना अहमदाबादेस उतरावे लागले. कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० व अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४०, मिळून १,०३० किलोमीटर होतात. कराची ते मुंबई थेट अंतर मात्र सुमारे ८७० किलोमीटर आहे. दीडशेहून अधिक किलोमीटरांचा वळसा इंधनाच्या टाकीने घालावयास लावला!

९. या पाठाचा आपल्या किनाऱ्यावरील उपयोग

आपल्या मुलांपैकी विमानाने प्रवास करणारी थोडी असतील. परंतु बाणकोटपासून विजयदुर्गच्या खाडीपर्यंत किनाऱ्यावरील शाळांत असे वर्ग आहेत, की जेथील पुष्कळ मुलांच्या घरचे कोणी ना कोणी मासेमारीस समुद्रावर जाते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ कोकण किनाऱ्यावर आले. कित्येक खलाशी परत आले नाहीत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि मंडणगड, दापोली या आपल्या तालुक्यांतील घरे व बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. पुढील वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्यालगतच्या समुद्रातून वर सरकले.

अशा वेळी हवामान खात्याच्या सूचनेत वादळाच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश व शहरांपासूनचे अंतर दिलेले असते. हे अंतर विमानाचे, म्हणजे सरळ अंतर असते. ज्या मुलाने हा पाठ नीट केला आहे, तो ती सूचना घरच्यांस समजावून देऊ शकेल. म्हणून पाठाच्या अखेरीस पुढील उदाहरण अवश्य घ्यावे.

समजा, वादळाचे केंद्र १५.०° उत्तर, ७१.०° पूर्व येथे आहे व ते ताशी १५ किलोमीटर वेगाने रत्नागिरीच्या रोखाने येत आहे. रत्नागिरी १७.०° उत्तर, ७३.३° पूर्व धरावी. अक्षांशांतील फरक २ अंश, म्हणजे २२२ किलोमीटर. रेखांशांतील फरक २.३ अंश, १६ अक्षांशावर अंशास १०७ प्रमाणे सुमारे २४६ किलोमीटर. कर्ण सुमारे ३३१ किलोमीटर. केंद्र पोहोचण्यास सुमारे २२ तास लागतील.

येथे थांबू नये. वादळ म्हणजे केवळ त्याचे केंद्र नव्हे. जोराचे वारे केंद्राच्या पुष्कळ पुढे पोहोचतात. ते १०० किलोमीटर पुढे आहेत असे धरले, तर हाती सुमारे १५ तासच उरतात. आता दुसरी बाजू पाहावी. एक होडी किनाऱ्यापासून ६० सागरी मैलांवर असून शांत समुद्रात तिचा वेग ताशी ८ सागरी मैल आहे. तिला परत येण्यास साडेसात तास लागतील. खवळलेल्या समुद्रात त्याहून अधिक. कोणी सागरी मैलाऐवजी किलोमीटर समजले, तर होडी ६० किलोमीटरांवर आहे असे वाटून तो चारच तासांचा हिशेब करील आणि निघण्यास उशीर लावील. मापाचे नाव न विचारण्याची किंमत येथे किती मोठी होऊ शकते, हे मुलांस वेगळे सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट बजावून सांगावी. सूचनेत १६.५° असे लिहिलेले असते. ते १६ अंश ५० मिनिटे नव्हे, तर १६ अंश ३० मिनिटे होत. ही वीस मिनिटांची गफलत म्हणजे वीस सागरी मैल, सुमारे ३७ किलोमीटर. हा फरक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

तथापि, मुलांनी काढलेले उत्तर हे सूचना समजून घेण्यासाठी आहे, सूचना मोडण्यासाठी नव्हे. वादळ दिशा बदलते, वेगही बदलते. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असता "आमच्या हिशेबाने अजून वेळ आहे" असे कोणी म्हणू नये, एवढी ताकीद अवश्य द्यावी.

१०. स्वाध्याय

(१) मुंबई ते चिपी हवाई अंतर काढा. (उत्तर : सुमारे ३५० किलोमीटर)
(२) रत्नागिरी ते चिपी हवाई अंतर काढा व रस्त्याच्या अंतराशी तुलना करा. (हवाई अंतर : सुमारे ११५ किलोमीटर)
(३) १४.७°, १८.२५°, ७२.९° यांचे अंश व मिनिटे करा. (उत्तरे : १४°४२′, १८°१५′, ७२°५४′)
(४) आपल्या गावापासून तालुक्याच्या गावाचे सरळ अंतर नकाशावरून काढा. एस. टी.चे अंतर त्याच्या किती पट आहे? जास्त असल्यास त्याचे कारण खाडी, घाट की आणखी काही, ते लिहा.

११. शिक्षकांसाठी सूचना

पाठास दोन तासिका द्याव्यात : पहिलीत परिच्छेद २ ते ५, दुसरीत उरलेला भाग. प्रत्येक उदाहरणापूर्वी मुलांकडून अंदाज घ्यावा व तो वहीत लिहून ठेवावा. मोजणीनंतर तो खोडू देऊ नये, शेजारी खरे उत्तर लिहावे. उत्तरापूर्वी 'सुमारे' हा शब्द लिहिण्याची सवय लावावी, कारण मिनिटांपर्यंतच्या आकड्यांवरून मीटरपर्यंतचे उत्तर काढणे म्हणजे नसलेली अचूकता दाखविणे होय. उत्तराखाली तीन गोष्टी लिहिल्याशिवाय गुण देऊ नयेत : कोठून कोठपर्यंत, कोणत्या वाटेने, कोणत्या मापात.

शेवटी एक लहानशी विनंती. प्रत्येक शाळेने आपल्या इमारतीचे अक्षांश-रेखांश मिनिटांपर्यंत काढून दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यावेत. त्याखाली मुंबई, रत्नागिरी व जवळचे बंदर यांची मुलांनी स्वतः काढलेली सरळ अंतरे किलोमीटरांत व सागरी मैलांत लिहावीत. पावसाळ्यापूर्वी सातवीच्या वर्गाने ती पुन्हा पडताळून पाहावीत, आणि नव्या वर्गाने जुन्या वर्गाची चूक काढल्यास ती सर्वांसमक्ष दुरुस्त करावी. पुढील शाळाभेटीत मी प्रथम ही भिंत पाहीन.